पांडुअण्णाच्या पिकपची ट्रायल

शिंप्याच्या दुकानात कातरण कुणी मुद्दाम साठवत नाही. रोज थोडं थोडं टेबलाखाली पडतं आणि एक दिवस पाय ठेवायला जागा उरत नाही. किश्श्यांचंही तसंच आहे. आम्ही तिघं मित्र दर रविवारी दुपारी म्हैसूरला बन्नीमंटपाजवळच्या किसनरावच्या गॅरेजात बसायचो, तेव्हा कुणाच्या मनात नव्हतं की आपण काही साठवतोय. आता मुलं विचारतात, ‘तुम्ही तिथं बसून करत तरी काय होता?’ तेव्हा टेबलाखाली वाकून बघावं लागतं.

आधी आम्ही कोण ते सांगतो. मी रंगनाथ, सगळे रंगण्णा म्हणतात. अग्रहारात माझं टेलरिंगचं दुकान आहे, शाळेचे युनिफॉर्म ही मुख्य शिलाई. किसनरावचे पणजोबा जुन्या म्हैसूर फौजेत होते. त्यामुळे गॅरेजात पाना मागतानासुद्धा किसनराव हुकूम दिल्यासारखा मागतो. तिसरा पांडुअण्णा. त्याचा शामियान्याचा धंदा. लग्नामुंजीला खुर्च्या, मोठी पातेली, मांडवाचे लोखंडी खांब भाड्यानं द्यायचा आणि हे सगळं एका जुन्या पिकपमधून न्यायचा. घरी आम्ही सगळे मराठी बोलतो. म्हणजे आम्हाला तसं वाटतं! महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला त्यातलं निम्मंच कळतं, उरलेलं कन्नड असतं.

* * *

किसनराव काय चीज आहे ते कळायला आयुधपूजेचा किस्सा पुरे आहे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा. किसनरावच्या गॅरेजात सगळ्यांत आधी पणजोबांची तलवार, मग पाने, हातोड्या, जॅक, ग्रीसगन, सगळं धुऊन, कुंकू लावून चौरंगावर मांडलेलं. एकदा पूजेत बसलेल्या वस्तूला दुसऱ्या दिवशीपर्यंत हात लावायचा नाही. त्या वर्षी नेमकी दुपारी बंगळूरची एक मोटार दारातच बंद पडली. आतून एक गृहस्थ उतरले.

‘एक नट सैल झालाय फक्त,’ ते म्हणाले. ‘पाना द्या, मी स्वतः आवळतो.’

‘पाना बसलाय,’ किसनराव म्हणाला.

गृहस्थांनी चौरंगाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि चिडून म्हणाले, ‘अहो, मग आज काम बंद आहे असा बोर्ड तरी लावायचा बाहेर!’

‘बोर्ड लिहायचा ब्रशपण पूजेत आहे!’

शेवटी ते गृहस्थ आमच्याबरोबर चुरमुरी खात संध्याकाळपर्यंत बसले आणि रात्री किसनरावच्याच घरी जेवले. पुढे कित्येक वर्षं ते मोटार सर्व्हिसिंगला बंगळूरहून म्हैसूरला आणायचे.

* * *

आता पिकपबद्दल.

पांडुअण्णाच्या पिकपला डावीकडचा आरसा नव्हता. तिथं सुशीलाक्का होती.

सुशीलाक्का म्हणजे पांडुअण्णाची बायको. लग्न झाल्यापासून ती त्याच्या शेजारी बसून प्रत्येक मांडवाला जायची. डाव्या खिडकीतून मान बाहेर काढून सांगायची, ‘थांबा, सायकल आहे,’ ‘स्वल्प पुढं घ्या,’ ‘डावीकडं कोणी नाही, येऊ द्या.’ पांडुअण्णा मान न वळवता गाडी घालायचा. आरसा कधी तुटला ते त्याला आठवत नव्हतं, कारण त्याची गरजच पडली नव्हती.

मोकळ्या वेळात ती माझ्या दुकानाची तुरपाई करायची. डावखुरी होती. तिचा टाका बाकी सगळ्यांच्या उलट कलायचा आणि दहा पँटींच्या ढिगातून तिची पँट मी नुसती उलटून ओळखायचो. काम इतकं साफ की मी कधी एक टाका उसवला नाही. बोलणं मात्र तिखट. एकदा मी म्हणालो, ‘सुशीलाक्का, गाडीत सारखी बडबडतेस, पांडूला त्रास होत नाही?’ ती म्हणाली, ‘अय्यो, मी गप्प बसले तर ते गाडी बाजूला थांबवून विचारतात, काय झालं!’

* * *

मग येलवालचं वळण आलं.

हुणसूर रस्त्यावर एका गावात लग्न होतं. पिकपमध्ये पातेली, वर खुर्च्या, त्याच्यावर खांब, असा उंच ढीग दोरीनं बांधलेला. येलवालच्या पुढे वळणावर अचानक म्हैस आडवी आली. पांडुअण्णानं गाडी वळवली आणि सगळा ढीग डावीकडे झुकला. डावीकडची चाकं दबली, उजवीकडची जवळजवळ उचलली गेली. सुशीलाक्काच्या खिडकीसमोर आभाळ जाऊन रस्त्याची खडी आली. गाडी क्षणभर तशीच राहिली, मग धाडकन सरळ झाली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. म्हैस तर निघूनही गेली होती.

सुशीलाक्का खाली उतरली. पदर नीट केला. काही न बोलता चालत बसस्टॉपवर गेली आणि म्हैसूरची बस पकडून निघाली!

पांडुअण्णानं लग्नघरी सामान उतरवलं आणि रिकामी गाडी अशी दामटली की वाटेत बस गाठली. मग थेट शहरापर्यंत तो बसच्या मागे मागे. ती शेवटच्या सीटवर पाठमोरी बसलेली. कंडक्टरनं तिला विचारलं, ‘अम्मा, तो पिकपवाला आपल्या मागं का येतोय? तुमच्या ओळखीचा आहे?’

‘गोत्तिल्ला,’ सुशीलाक्का म्हणाली. ‘कोण आहे माहीत नाही.’

हे तिनंच आम्हाला सांगितलं, हसत हसत. पण त्या दिवसापासून ती पिकपमध्ये बसली नाही. रागावली नव्हती. भांडली नव्हती. पांडुअण्णानं दार उघडून धरलं की म्हणायची, ‘पाय उचलत नाही हो. काय करू?’

* * *

पांडुअण्णा एकटा जायला लागला आणि आठवड्याभरात त्यानं डावीकडं एक सायकल, एक भाजीची हातगाडी आणि एका मंगल कार्यालयाचा खांब घासला. किसनराव म्हणाला, ‘मी आत्ता आरसा लावून देतो. दोन स्क्रूचं काम.’

‘बेड,’ पांडुअण्णा म्हणाला. ‘नको.’

‘का?’

‘आरसा लावला की झालंच मग. तिची जागा गेली.’

पांडुअण्णा असं काही बोलणारा माणूस नव्हता. मला तेव्हा खरंच वाईट वाटलं. बाहेरून बघणाऱ्याला जुनी गाडी झुलते एवढंच दिसत होतं. पण त्या गाडीचं झुलणं थांबलं नाही तर एका माणसाचं आयुष्यभराचं शेजारपण संपणार होतं, आणि ते त्याला नीट सांगताही येत नव्हतं. तो फक्त गाडीकडे बोट दाखवून म्हणायचा, ‘किसन, काहीतरी कर रे.’

* * *

किसनरावनं काहीतरी केलं. मागच्या स्प्रिंगला एक जादा पाटा घातला.

गाडी ताठ झाली. इतकी ताठ, की नंजनगूडच्या एका मुंजीला आचाऱ्यानं घरून निघताना दह्याचा मोठा डबा गाडीत ठेवला आणि तिथं पोचल्यावर झाकण उघडलं तर वर लोणी! आचारी खूश. किसनराव म्हणाला, ‘बघ, एका कामात दोन कामं!’ पण वळणावर झुलणं काही गेलं नाही. आधी गाडी मऊपणे झुलायची, आता हिसका देऊन झुलायला लागली.

मी वाळूच्या पिशव्या ठेवायला सुचवलं. ठेवल्या. आता वाळूसकट झुलायला लागली.

* * *

वाट दाखवली ती देशमुखनं. हा नाशिककडचा तरुण इंजिनिअर, इथल्या एका कारखान्यात नुकताच लागलेला. स्कूटर दाखवायला आला आणि आमचं मराठी ऐकून थांबला. आधी त्याला वाटलं आपण चुकीचं ऐकतोय. मग आमच्यातलाच झाला.

पिकपची तक्रार ऐकून तो म्हणाला, ‘पाटे वाढवून उपयोग नाही. मागे स्टॅबिलायझर बार हवा.’

‘म्हणजे काय?’

त्यानं माझ्या खिशातली माप घ्यायची टेप काढली, दोन्ही टोकं वळवून दाखवली. ‘असा लोखंडी दांडा असतो. एक्सलच्या कडेनं आडवा, टोकं दोन्ही बाजूंना चासीशी जोडलेली. वळणावर गाडीची एक बाजू दबते, दुसरी उचलते. हा दांडा दोघींना एकमेकींशी बांधतो. एक खाली जायला लागली की दुसरीलाही खाली ओढतो. दोघी वेगवेगळ्या दिशेनं जाऊ शकत नाहीत.’

‘म्हणजे लग्न!’ किसनराव म्हणाला.

देशमुखचं लग्न व्हायचं होतं. त्याचं लक्ष दांड्यावरच होतं. ‘एक तोटा आहे मात्र. एक चाक खड्ड्यात गेलं की हादरा दुसऱ्यालाही बसतो.’

‘मग लग्नच,’ पांडुअण्णा म्हणाला.

सगळे हसले. पांडुअण्णा हसला नाही. त्यानं विचारलं, ‘मिळेल कुठं?’

* * *

त्या जुन्या मॉडेलला असा बार कंपनीनं कधी दिलाच नव्हता. भंगारातल्या दुसऱ्या गाडीचा शोधायचा होता. किसनरावनं आधी एका व्हॅनचा आणला. तो लांब निघाला. किसनराव म्हणाला, ‘तापवून वाकवतो.’ देशमुख ओरडला, ‘तापवायचा नाही! त्याचा पीळच जाईल, मग नुसती सळई!’

इथं मी उठलो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या अंगाची मापं घेतली, एका गाडीचं घेता येणार नाही? पिकपखाली सतरंजी टाकून झोपलो. चासीची रुंदी, एक्सलपासूनची उंची, टोकांचा कोन, सगळं टेपनं घेतलं आणि खाकी कागदावर बेतून कापून काढलं. कडेनं सवयीनं अर्धा इंच सोडला.

किसनरावनं कागद हातात घेतला. ‘हे कडेचं काय?’

‘शिलाईला.’

‘रंगण्णा, लोखंडाला मार्जिन नसतं रे!’

ते कापून टाकलं. मग तो कागद घडी करून मी भंगारवाल्यांच्या गल्लीत गेलो आणि एकेका दांड्यावर अंथरून बघायला लागलो. तिसऱ्या दुकानातला म्हातारा बराच वेळ बघत होता. शेवटी त्यानं विचारलं, ‘साहेब, पँट आहे की शर्ट?’

त्याच दुकानात, एका मोडलेल्या टेम्पोच्या पोटाखाली, कागदाला तंतोतंत बसणारा दांडा सापडला. मला इतका आनंद दुकानाच्या उद्घाटनालाही झाला नव्हता.

* * *

बार बसला. गाडी जॅकवर उचललेली, चाकं लोंबकळत होती, तशीच किसनरावनं सगळी बोल्टं करकचून आवळली. मी म्हणालो, ‘आधी ट्रायल घे, मग पक्कं कर.’ आमच्या धंद्यात कच्चा टाका घालून गिऱ्हाइकाच्या अंगावर बघितल्याशिवाय पक्की शिलाई नाही. किसनराव म्हणाला, ‘तुझं गिऱ्हाईक हलतं. माझं हलत नाही.’

पांडुअण्णानं गाडी थेट घरी नेली. सुशीलाक्का दारात उभी होती. तिच्यासमोर गाडी वळवताना मागून असा आवाज आला, ‘कुईंऽऽ’, की समोरच्या घरातला माणूस बाहेर आला.

सुशीलाक्कानं कानावर हात ठेवले. ‘हिचे दिवस भरलेत काय हो?’ म्हणाली आणि आत गेली.

पांडुअण्णाचा चेहरा मला बघवेना.

देशमुखनं येऊन बघितलं. बारच्या सांध्यांतली रबराची बुशं पिळवटली होती. गाडी हवेत असताना आवळलं, आता जमिनीवर आल्यावर ती बिचारी तिरकी अडकून बसलेली. ‘गाडी स्वतःच्या पायावर उभी करा,’ तो म्हणाला, ‘थोडं सामान भरा, मग आवळा.’

मी किसनरावकडे पाहिलं. झोपलेल्या माणसाचं माप घेऊ नये, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. किसनराव स्वतःच म्हणाला, ‘बोल रंगण्णा, बोलून टाक. तोंड फुगलंय तुझं.’

बोल्टं सैल केली, गाडी उतरवली, पातेली भरली, पुन्हा आवळली. आवाज गेला.

* * *

नवरात्र जवळ आलं होतं. पांडुअण्णाचा मोसम. त्यानं पुन्हा एकदा दार उघडून धरलं. या वेळी आम्ही दोघंही बरोबर होतो, साक्षीदार म्हणून.

सुशीलाक्कानं गाडीभोवती एक फेरी मारली. मग म्हणाली, ‘आधी माझी राजा-राणी बसतील. ती पडली नाहीत तर मी.’

म्हैसूरच्या घरांत नवरात्रात बाहुल्या मांडतात. त्यात सगळ्यांत मानाची जोडी लाकडी राजा-राणीची, लेकीला लग्नात माहेरून मिळते. सुशीलाक्काची जोडी वीतभर उंच, चंदनी रंगाची. दर वर्षी त्यांचे नवे कपडे माझ्या दुकानातल्या कातरणातून व्हायचे. राजाला अंगरखा, राणीला घोळदार परकर. पायांना बूड असं फारसं नाही. घरातसुद्धा जोरात दार आपटलं की राणी डुलायची. त्यांना पिकपमध्ये उभं करून येलवालच्या वळणावर न्यायचं म्हणजे काय ते मला कळलं. पांडुअण्णालाही कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी तशीच उंच भरली, पातेली, खुर्च्या, वर खांब. सुशीलाक्का आतून स्वतः पाट घेऊन आली. पाटावर कापड ताणून खाली गाठ मारलेली, त्यावर राजा-राणी नवे कपडे घालून उभी. किसनराव हात द्यायला पुढं झाला.

‘कोणी हात लावायचा नाही,’ ती म्हणाली. पाट तिनं आपल्या जागेवर ठेवला, सीटच्या पट्ट्यानं बांधला आणि दार लावलं.

मी आणि किसनराव मागे, पातेल्यांच्या मध्ये. केबिनच्या काचेतून दोन छोटी डोकी दिसत होती. पांडुअण्णा दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून असा चालवत होता की मागच्या बैलगाडीनं घंटा वाजवली.

वळण आलं. मी खुर्चीचा पाय धरला. गाडी झुकली, पण थोडीशीच, आणि लगेच सावरली. आमच्या मागची पातेली जागची हलली नाहीत. किसनरावनं माझ्या पाठीत गुद्दा मारला. ‘बघितलंस!’ काचेतून बघितलं तर राजा-राणी ताठ उभी.

येताना एक हंप पांडुअण्णाला दिसला नाही. आम्ही दोघं हातभर उडालो. एक झाकण किसनरावच्या डोक्यात बसलं. मी काचेला नाक लावलं. राणीचा परकरसुद्धा हलला नव्हता!

‘हे जरा जास्तच आहे,’ मी म्हणालो.

‘बार आहे तो, बार!’ किसनराव डोकं चोळत म्हणाला.

घरासमोर गाडी थांबली. पांडुअण्णा उतरला नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत राहिला, डावीकडं मान वळवायची त्याची हिंमत नव्हती. सुशीलाक्का पायरीवरून उतरून आली. मी मागून उडी मारून तिच्याआधी डावं दार उघडलं आणि पाटाचा पट्टा सोडला.

परकराच्या काठाला चारी बाजूंनी टाके होते. खालच्या कापडाला धरून घातलेले, लांब लांब कच्चे टाके. अंगरख्यालाही. निळा दोरा, माझ्याच दुकानातला. आणि टाका उलटा कललेला.

मी वर बघितलं. सुशीलाक्का माझ्याकडेच बघत होती.

ती वाकली, दोरा दातानं तोडला, ओढून काढला आणि बोटाला गुंडाळला. राजा-राणीला उचललं, मोकळा पाट माझ्या हातात दिला. मग पदर खोचून पाय उचलला, आपल्या जागेवर बसली, दोघांना मांडीवर घेतलं आणि खिडकीतून मान बाहेर काढली.

‘डावीकडं कोणी नाही,’ ती म्हणाली. ‘येऊ द्या.’